राजगड ते तोरणा: धारेवरची वाट नेमकी कुठे सुटते?

प्रश्न : शहापूरचा वाटसरू (बेळगाव)

गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही बेळगावचे चौघे जण राजगडाहून तोरण्याला धारेने, म्हणजे दोन गडांना जोडणाऱ्या डोंगराच्या अरुंद माथ्यावरून, जाण्यासाठी निघालो होतो. रात्रीच्या बसने नसरापूर फाट्यावर उतरलो, गुंजवण्याहून चोरदरवाजाने राजगड चढून पद्मावती माचीवर मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर पडलो. तेथपर्यंत शंकेला जागा नव्हती. पुढे साधारण पाऊण तासाने धारेवर एक टेपाड आडवे आले आणि वाट धार सोडून डाव्या अंगाने, म्हणजे वेळवंडीच्या खोऱ्याच्या बाजूने, आडवी जाऊ लागली. ती चांगली रुंद आणि मळलेली होती, त्यामुळे टेपाडाला वळसा घालून ती पुन्हा धारेला मिळेल असे आम्ही गृहीत धरले.

ती मिळाली नाही. वीस मिनिटांनी वाट कारवीच्या झुडपांत शिरली आणि तिला दोन फाटे फुटले. त्यांतला एक घसाऱ्याच्या, म्हणजे सुट्या दगडमातीच्या, घळीत संपला आणि दुसरा कातळातल्या गवताळ पट्टीवर अरुंद होत होत नाहीसा झाला. धार आमच्या डोक्यावर वीस-पंचवीस मीटरांवर स्पष्ट दिसत होती, मध्ये कातळाचा टप्पा होता. आमच्यातला एक जण तो चढू लागला आणि निम्म्यावर अडकला, कारण वर हाताला पकड मिळेना आणि खाली पाय कोठे टेकवायचा ते त्याला दिसेना. खालून एकेक खाच सांगत त्याला उतरवून घेतले. या सगळ्यात दोन तास गेले, पाणी संपत आले आणि तोरण्याचा नाद सोडून आम्ही भुतोंड्याकडे उतरलो.

या हिवाळ्यात पुन्हा जायचे आहे. धार सोडून जाणारी वाट वळशाची आहे की भलतीकडे नेणारी, हे आधी कसे ओळखावे? आणि मध्ये कातळ आला तर तो सरळ चढावा की बगलेने जावे? मोबाइलमध्ये दुसऱ्या कोणाच्या तरी वाटेची नोंद (ट्रॅक) घेतलेली होती, तरीही हे घडले, म्हणून विचारतो आहे.

उत्तर : खानापूरचा कारवीवाला

आपण जेथे चुकलात त्या ठिकाणापेक्षा, आपण त्या वेळी उतरत होतात, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. डोंगराच्या सोंडा वर जाताना एकमेकींना मिळत जातात आणि खाली येताना फुटत जातात. चढणाऱ्या माणसाने थोडी चुकीची सोंड धरली तरी ती त्याला बहुधा मूळ धारेवरच आणून सोडते. उतरणाऱ्याचे मात्र प्रत्येक फाट्यावर नुकसान होऊ शकते, आणि चूक कळते तेव्हा तो बराच खाली आलेला असतो. राजगड सोडल्यानंतरचा पहिला भाग उताराचा आहे, तोरण्याकडचा शेवटचा भाग चढाचा. आपली वाट पहिल्या भागात सुटली याचे मला नवल वाटत नाही. आपण हीच धार तोरण्याकडून केली असती तर बुधला माचीखालच्या उतारावर चुकण्याचा संभव अधिक होता, एवढाच काय तो फरक.

दुसरी गोष्ट आपल्या सवयीची आहे. आपल्याकडे कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला माथे सपाट, जांभ्या दगडाचे. सड्यावर चालणाऱ्याला धार अशी सापडतच नाही. तेथे गुरांच्या वाटा कोठूनही कोठेही जातात आणि बहुतेक वेळा त्यामुळे काही बिघडत नाही. राजगड-तोरण्याचा डोंगर काळ्या पाषाणाचा, एकावर एक थर बसलेला. कठीण थराचा उभा कातळ होतो आणि मऊ थर झिजून त्याच्या खाली आडवी पट्टी तयार होते. त्या पट्टीवर माती टिकते, गवत येते आणि गवतामागे गुरे येतात. म्हणून कातळाच्या पायथ्याला जवळजवळ समपातळीत जाणारी, मळलेली, मोहात पाडणारी वाट तेथे असतेच. गुराला धारेवर परत जायचे नसते, त्याला पुढचे गवत हवे असते. जेथे पट्टी संपते तेथे ते मागे फिरते, आणि आपण तेथे उभे राहून वाट कोठे गेली म्हणून शोधत बसतो.

ढोरवाट ओळखायची कशी, तर ती उतारावर चार-पाच समांतर पदरांत विभागते, तिच्यावर शेण असते, आणि कारवीत शिरल्यावर पायाशी मोकळी पण छातीच्या उंचीवर फांद्यांनी बंद असते. माणसांच्या वाटेवर फांद्या डोक्यापर्यंत मोडलेल्या किंवा छाटलेल्या असतात. कातळावर बुटांनी घासून पांढरट झालेली जागा दिसली तर तो सर्वांत भरवशाचा पुरावा, कारण खूर आणि बूट दगडाला एकसारखे घासत नाहीत. बिस्किटांचे कागद हाही पुरावाच, पण त्याचा अभिमान बाळगावा असे काही नाही.

वळशाच्या वाटेची माझी स्वतःची कसोटी अशी आहे : खरी वळशाची वाट धारेपासून फारशी खाली जात नाही आणि अडथळा ओलांडला की लगेच वर वळते. टेपाडाची पुढची बाजू आपल्या बरोबरीला आली आणि वाट अजूनही समपातळीत किंवा खालीच जाते आहे, तर ती आपली नव्हे. तेथूनच मागे फिरावे. आपण वीस मिनिटे चाललात. मी असतो तर पाच मिनिटांतच एकाला पुढे पाठवून बाकीच्यांना फाट्यावर बसवले असते.

उत्तर : निपाणीचा नकाशेवाला

वरच्या उत्तराशी सहमत आहे, नकाशाबद्दल थोडी भर घालतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि दोन समोच्च रेषांमधला (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधला) उंचीचा फरक २० मीटर. याचा अर्थ असा की पंधरा मीटरांचा उभा कातळ दोन रेषांच्या मध्ये पूर्णपणे लपू शकतो आणि नकाशावर ती जागा साधा उतार म्हणून दिसते. आपण ज्या टप्प्याखाली अडकलात तो घरी बसून नकाशात पाहिला असता तर तेथे एखादी रेषा दुसरीच्या थोडी जवळ आलेली दिसली असती, यापेक्षा अधिक काही नाही.

नकाशाचा उपयोग वेगळा आहे. धार सरळ जात नाही. समोर तोरणा दिसतो म्हणून पाय तिकडे ओढतात, पण धार वळसा घेत जाते आणि काही ठिकाणी गडाकडे पाठच फिरवते. कोणत्या टेपाडानंतर धार कोणत्या दिशेला वळते आणि कोणत्या बाजूला फसवी सोंड फुटते, एवढे आधी कागदावर लिहून घ्यावे. एका हाताला गुंजवणीचे खोरे आणि दुसऱ्या हाताला वेळवंडीचे, भाटघर धरणाच्या फुगवट्याचे पाणी ज्यात दिसते ते. दोन्ही खोरी आलटून पालटून दिसत असतील तर आपण धारेवर आहोत. बराच वेळ एकच खोरे दिसत राहिले तर थांबावे.

उतरवून घेतलेल्या ट्रॅकविषयी सांगायचे तर तो एका माणसाच्या एका दिवसाचा माग असतो. तो माणूस जेथे चुकला, लघुशंकेला गेला किंवा फोटोसाठी कड्यापाशी गेला, तेही त्यात येते. शिवाय कातळाच्या पायथ्याशी अर्धे आकाश झाकलेले असते, तेथे मोबाइलमधली जागा सहज पंधरा-वीस मीटरांनी सरकते, आणि धारेवर पंधरा मीटर म्हणजे वरची वाट आणि खालची पट्टी यांतला सगळा फरक.

उत्तर : टिळकवाडीचा कातळकर

कातळाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. चढून जावे की बगलेने जावे, याचे एकच उत्तर नाही, पण एक अट आहे. जो टप्पा आपल्याला परत उतरता येईल याची खात्री आहे, तोच चढावा. चढताना डोळे हातांच्या बरोबरीने वर असतात, खाच समोर दिसते. उतरताना पाय शरीराच्या खाली जातात आणि जागा दिसत नाही, म्हणून जे दहा मिनिटांत चढले ते उतरायला अर्धा तास लागतो. आपल्या मित्राचे नेमके हेच झाले. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर गेल्यावर थांबून चार पावले उतरून पाहायची आणि मगच पुढे जायचे, अशी सवय लावून घ्यावी. उतरताना तोंड कातळाकडे, तीन आधार पक्के आणि चौथाच हलवायचा. गवताच्या बुंध्याला आणि वाळलेल्या कारवीला आधार समजू नये.

मला कारवीवाल्यांशी एका मुद्द्यावर मतभेद आहे. वळशाची वाट फारशी खाली जात नाही हे बऱ्याचदा खरे असते, पण सरसकट नाही. एखादा मोठा बुरुजासारखा कातळ धारेत असेल तर वाट चांगली चाळीस-पन्नास मीटर उतरून मग वर येते. अशा वेळी पाच मिनिटांची कसोटी लावून मागे फिरलेली माणसे कातळावर नको तो चढ करायला जातात. म्हणून मी वाटेपेक्षा अडथळ्याकडे पाहतो. आपण सांगता ते नुसते टेपाड होते. त्याच्या माथ्यावरून सरळ जाता आले असते का, हे दप्तर खाली ठेवून एकाने दोन मिनिटांत पाहून यायला हवे होते. धार चालण्याजोगी असेल तर धार सोडायचीच नाही, आणि सोडावी लागलीच तर अडथळ्याचा आकार पाहून किती उतरावे लागेल याचा अंदाज आधी बांधायचा.

सराव हवा असेल तर इतक्या लांब जाण्याची गरज नाही. वैजनाथाच्या देवळापासून महिपाळगडाच्या बाजूला जाऊन मुद्दाम वाट सोडून परत वाटेवर येण्याचा खेळ खेळावा. गडावर गाव आहे, त्यामुळे चुकले तरी चहा मिळतो. भीमगडाच्या अभयारण्यात मात्र हे प्रयोग करू नयेत; तेथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि अस्वलाला आपला सराव समजावून सांगता येत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : शहापूरचा वाटसरू

तिघांचेही मनःपूर्वक आभार. उत्तरे वाचून काल रात्री त्या दिवसाचे फोटो पुन्हा काढून पाहिले. डावीकडे वळल्यावर दोनेक मिनिटांनी आमच्यातल्या एकाने मागे वळून राजगडाचा फोटो घेतला होता. त्यात संजीवनी माचीच्या तटाखाली ते टेपाड नीट आले आहे आणि त्याच्या अंगावर खालपासून माथ्यापर्यंत दगडावर घासल्यासारखी पांढरट रेघ दिसते. आम्ही त्या रेघेपासून वीस पावलेही दूर गेलो नव्हतो, पण पुढे तोंड करून चालताना ती पाठीमागे राहिली होती.

कातळकरांनी सुचवल्याप्रमाणे पुढच्या रविवारी महिपाळगडाला जात आहोत. धारेवर जाताना तीस मीटरांचा दोर पुरेसा होईल का, आणि तो वापरायला कोणाकडून शिकावा, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल. गेल्या वेळी दोर होता, पण तो दप्तराच्या तळाशी होता आणि आमच्यापैकी कोणालाही त्याची गाठ नीट मारता येत नव्हती.