पालावरच्या एका पोरासाठी लसीची अख्खी व्हायल फोडायची का?

शिरोळकर
बायको आशा सेविका आहे, त्यामुळं लसीच्या दिवशी गाडी चालवायला मी. परवा कारखान्यामागच्या पालांवर गेलो. बीडची ऊसतोड टोळी, नऊ महिन्यांचं एकच पोर सापडलं. लसीचं कार्ड गावी राहिलेलं. सिस्टरांनी गोवर-रुबेलाची व्हायल फोडली, बाटलीवर पेनानं वेळ लिहिली, एक डोस दिला. चार तासांनी उरलेलं सगळं टाकलं. नियमच तसा, पेंटा (पाच रोगांवरची एकच लस) उघडल्यावर २८ दिवस चालते, ही नाही. आता वरनं विचारणा, वेस्टेज एवढं का? माझ्या मते हे वेस्टेज नव्हेच. त्या पोराच्या डोसाचा खरा भावच तेवढा आहे.

बावड्याचा_पैलवान
भावा, कळवळा मान्य, पण पैसा आमच्या करातला हाय. एक वार धरा, दहा पोरं गोळा झाली की मगच फोडा. आणि ताराबाई पार्कातला बंगलेवाला पण फुकटात टोचून घेणार? त्याच्याकडनं शंभर-दोनशे घ्या की, त्यातनं पालावरचं भागंल.

सिस्टर_ताई
वार धरलेलाच आहे दादा. टोळी पहाटेच फडात जाते, आणि तिथला ऊस संपला की पालं हलतात. दहा जमेपर्यंत थांबले तर नऊ पोरं पुढच्या तालुक्यात! बंगलेवाले बहुतेक खासगीतच जातात, न्यूमोकोकलच्या (न्यूमोनियावरच्या लसीच्या) एका डोसाला हजारांत मोजतात. इथं पावतीपुस्तक ठेवलं तर पहिली परत फिरेल ती धुणीभांडी करणारी बाई. आणि नुसत्या लसीचं काय घेऊन बसलात? बर्फाचे पॅक, गाडी, माणूस, खर्च तिथं आहे. आशाला बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की १०० रुपये, दुसऱ्या वर्षाचे ७५. टोळी मधेच हलली की तेही गेले.

पासबुक
२०१६ चा एक अभ्यास आहे, ९४ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा. लसीकरणावर एक डॉलर घातला की आजारपणाचे १६ वाचतात. अजून काय पाहिजे?

बावड्याचा_पैलवान
ते १६ जिल्हा परिषदेच्या खात्यावर जमा होतात काय? वाचतात ते त्या आईचे, बुडणाऱ्या हजेरीचे. खर्च मात्र ह्याच मार्चच्या आत दाखवायचा.

पासबुक
हे मात्र बिनतोड. गरीब देशांना लसीसाठी पैसा देणाऱ्या जिनिव्हाच्या ‘गावी’ संस्थेचा पण भरवसा नाही (नाव काय शोधलंय बघा). पेंटाला, न्यूमोकोकलला तिनं हात दिला, पण देशाचं उत्पन्न वाढलं की ती हात आखडता घेते. तसाही मोठा भार आपल्याच सरकारवर. त्यापेक्षा ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांनी टनाला १० रुपये द्यायचं ठरलंय ना? त्यातनं गाडीचं डिझेल घाला.

बावड्याचा_पैलवान
आणि कारखाना ते दहा कुठनं काढणार? आमच्या उसाच्या दरातनंच की!

शिरोळकर
दर मलाही तोच मिळतोय भावा. माझा दीड एकर ह्याच टोळीनं तोडला. बुधवारी परत जातोय, आणखी एका पोराला नऊ महिने पुरे होतायत. एकच आहे.