किमोसोबत व्हिटॅमिन सीची हाय डोस ड्रिप, द्यावी की नको?

परभणीचा_पोर: बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत गेलाय, फोलफॉक्स नावाच्या किमोच्या चार सायकल झाल्या. मेहुणे म्हणतात सोबत व्हिटॅमिन सीच्या ड्रिप चालू करा, एका सेंटरवाल्याने दहा ड्रिपचं पॅकेजपण सांगितलंय. माझं मत, द्यावं. आवळ्यातलंच तर आहे, त्याने काय बिघडणार? परवा बाबांनी फ्रिजमधली दुधाची पिशवी उचलली आणि किमोमुळे गारव्याने झिणझिण्या आल्या म्हणून हातातून सुटली, सगळं दूध फरशीवर, आणि स्वतःच पुसायला बसले. हे बघून गप्प बसवत नाही हो.

रेवा७: आवळ्याचं राहू द्या. चीनमधल्या ट्रायलमध्ये डोस होता किलोमागे दीड ग्रॅम. बाबांचं वजन ५० किलो धरलं तर दिवसाला ७५ ग्रॅम, म्हणजे त्या चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या १५० गोळ्या, तेही शिरेतून, तीन दिवस लागोपाठ. २०२२ ला रिझल्ट छापून आला, पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरचे ४४२ पेशंट. आजार न वाढता गेलेला काळ ड्रिपवाल्यांचा ८.६ महिने, बाकीच्यांचा ८.३. एवढ्यासाठी पॅकेज?

नितीन_सोलापूर: रेवाताई अर्धंच सांगताय. त्याच ट्रायलमध्ये ज्यांच्या गाठीत रास म्युटेशन, म्हणजे केराससारख्या रास जनुकांत बिघाड होता त्यांच्यात ९.२ विरुद्ध ७.८ महिने होतं. आणि हे हवेतून आलेलं नाही, २०१५ लाच दिसलं होतं की केरास किंवा बीराफ जनुक बिघडलेल्या कॅन्सरच्या पेशी साखरेच्याच दारातून हे व्हिटॅमिन आत ओढतात आणि मरतात.

रेवा७: लॅबमधल्या पेशी आणि उंदीर हो. एका गटात फरक दिसला तर तो पुन्हा तपासायचा असतो, लगेच विकायचा नसतो. व्हिटॅमिन डीचं आठवा, २०१९ ला याच कॅन्सरच्या १३९ पेशंटमध्ये आजार न वाढता १३ विरुद्ध ११ महिने आले, सगळे खूश, पुढे मोठी ट्रायल झाली आणि फरक गायब.

नितीन_सोलापूर: आणि मेयो क्लिनिकने ८५ साली व्हिटॅमिन सी तोंडाने देऊन बघितलं, उपयोग नाही म्हणाले आणि विषय बंद! पोटातून रक्तात किती चढतं याला मर्यादा आहे, शिरेतून कितीतरी पट चढतं. चुकीची परीक्षा घेऊन नापास केलं.

वॉर्ड_नंबर_३: भांडा तुम्ही, मी कामाचं विचारते. बाबांना शुगर आहे का? या ड्रिपनंतर बोटाला टोचून बघायचं मशीन साखर उगाच वाढलेली दाखवू शकतं आणि घरचे त्यावर इन्सुलिन देऊन बसतात. जी६पीडी टेस्ट झाली का? ते एन्झाइम कमी असेल तर तांबड्या पेशी फुटतात. किडनीचा रिपोर्टही लागेल. आणि घरी फॉलिक ॲसिड असलेली मल्टिव्हिटॅमिन देत असाल तर आधी डॉक्टरांना दाखवा, या किमोचा त्रास त्याने वाढू शकतो.

परभणीचा_पोर: शुगर आहे. पण ताई, फोलफॉक्समधलं "फोल" म्हणजे फोलिनिक ॲसिडच ना? म्हणजे व्हिटॅमिन देतातच की!

वॉर्ड_नंबर_३: देतात, फाइव्ह-एफयू या किमोतल्या औषधाची पकड घट्ट व्हावी म्हणून, मोजून. त्यात घरून भर घातली तर हिशोब कोण ठेवणार? बाय द वे, बाबांना विचारलं का कोणी?

परभणीचा_पोर: आत्ता विचारलं. म्हणाले दोन दोन दिवस कमरेला किमोचा तो पंप बांधून झोपतो, आता अजून सुया नकोत. फाइल काढलीये, केरास म्युटेशन आहे असं लिहिलंय. गुरुवारी ओपीडीत दाखवतो. मेहुण्यांचा फोन मात्र उचलत नाहीये.