माहेरच्या कागदावरची सही : बडोद्यातील लेकींचे अनुभव

वडिलांच्या पश्चात घराच्या कागदांवर आपले नाव कसे टिकले किंवा कसे निघाले, हे येथील मराठी भगिनींनी लिहावे, अशी माझी विनंती आहे. ज्या संस्थानाने १९०६ मध्ये मुलींसाठीही प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, त्या बडोद्यात शिकल्यासवरलेल्या लेकी ‘हक्ककमी’च्या, म्हणजे मालमत्तेतला आपला हक्क सोडून देण्याच्या, कागदावर न वाचता सही करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

रावपुऱ्यातील माहेरवाशीण, वय ६८
बाबांचे तेरावे झाले आणि दादाने माजघरातच कागद पुढे ठेवले. सह्यांच्या जागी त्याने आधीच पेन्सिलने बारीक फुल्या केल्या होत्या. माझी नजर एका फुलीवरून दुसऱ्या फुलीवर गेली, मजकुरावर ठरलीच नाही. चार दिवसांनी नोंदणी कार्यालयात फोटो आणि अंगठा झाला. ‘सगळे समजले ना?’ या प्रश्नावर मी मान हलवली. दादा वाईट नाही, दिवाळीला अजूनही तोच मला न्यायला येतो. परंतु घर विकताना मला विचारावे असे कुणालाच वाटले नाही, तेव्हा त्या फुल्या डोळ्यांपुढे आल्या.

दांडिया बाजार
आमच्या पेढीनाम्यात, म्हणजे वारसांची नावे दाखवणाऱ्या वंशावळीत, आम्हा बहिणींची नावेच नव्हती. पंच म्हणून बोलावलेल्या शेजारच्या काकांनी ‘या दोन्ही पोरी माझ्या अंगणात खेळल्यात, त्या कुठे गेल्या?’ असे विचारून सही नाकारली, म्हणून नावे आली.

वय ४७, नोकरी
आमचे घर पणजोबांपासूनचे, वाटणी न झालेले. वडील १९९८ मध्ये गेले, त्यामुळे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी, ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेली हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती तुला लागू नाही, असे भाऊ सांगत असे. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, मुलीचा हक्क जन्मानेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केल्यावर मी सही करणार नाही, असे सांगितले. दोन भाऊबीजा ओवाळणीचे तबक तसेच राहिले, आणि तो काळ फार जड गेला. तिसऱ्या वर्षी वहिनीचा फोन आला : ‘ताई, माझ्या माहेरहून कागद आलेत. सही करण्याआधी काय काय वाचायचे, ते सांगाल का?’