नवा फोन घरी आला, पुढे काय केलंत? अनुभव हवेत

चवथीला बाहेरगावची माणसं घरी येतात, जाताना वडीलधाऱ्यांच्या हातात एक नवाकोरा स्मार्टफोन ठेवतात आणि सुट्टी संपली की निघून जातात. मागे फोन राहतो आणि त्याचे प्रश्न राहतात. आमच्या गोव्यात, डिचोलीत दर घरटी हीच गोष्ट. यंदा मी आईसाठी पहिलाच स्मार्टफोन घेतेय. आजवर तिच्याकडे बटणांचाच होता. यूट्यूबवर बघायला गेलं तर सगळे मेगापिक्सेल मोजत बसलेले. मला ते नकोय. तुमच्या घरी फोन आला तेव्हा आधी काय बसवलंत, काय काढून टाकलंत, घरच्यांना काय चटकन जमलं आणि काय आजही जमत नाही, ते वर आपल्या गावाचं नाव टाकून सविस्तर लिहा. कुठली कंपनी चांगली यावर भांडण नको, प्लीज.

वाळपई

आमच्या बाबांचा फोन. कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, दिवस काढणारा माणूस, हात कायम ओले किंवा मातीचे. आधी जुन्या फोनमधले नंबर सिमवर कॉपी करून घ्या, बटणांच्या फोनमध्ये तो पर्याय असतो. मग सिम नव्यात घातलं की कॉन्टॅक्ट्समध्ये जाऊन इंपोर्ट. सिमवर साधारण अडीचशेच्या आसपासच नंबर मावतात आणि लांब नावं कापली जातात, तेवढं बघून घ्या.

दुसरं, हल्लीच्या फोनांत खालची तीन बटणं नसतात, कडेवरून बोट सरकवून मागे जायचं असतं. बाबांना ते झेपेना. सेटिंग्जमध्ये नेव्हिगेशन म्हणून आहे, तिथे तीन बटणं परत आणता येतात. आणली, आणि निम्म्या तक्रारी थांबल्या. पहिल्या पडद्यावर फोन, व्हॉट्सअ‍ॅप, कॅमेरा, टॉर्च एवढंच ठेवलं. पावसाळ्यात संध्याकाळी वीज गेली की टॉर्च सगळ्यात आधी लागतो, आणि पायाखाली काय आहे ते दिसलेलं बरं.

फोंडा

मी शेजारपाजारचे फोन लावून देतो, हौस म्हणून. कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट मुद्दाम मोठी करून लिहितो.

काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘काकी, बसा, मी सगळं करून देतो.’ आणि खरंच पाच मिनिटांत करून देतो. त्यासाठी गुगलचं खातं लागतं, मग तो तिथल्या तिथे एक नवं खातं उघडतो. ईमेलचं नाव त्याला सुचेल ते, पासवर्ड बहुतेक फोन नंबरच. काकींना यातलं काही ठाऊक नसतं. फोन चालतो, सगळे खूष. दोन वर्षांनी काकी लॉकचा पॅटर्न विसरतात. कोणीतरी बाजूची बटणं दाबून फोन रिसेट करतो, आणि फोन सुरू होताना विचारतो, आधीचं खातं कुठलं होतं? चोरलेला फोन चोराच्या कामी येऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये हे कुलूप २०१५च्या सुमारापासून आहे. चोराला अडवतं तसंच मालकिणीलाही अडवतं. त्या खात्यात नातवाच्या बारशाचे फोटो असतील तर तेही गेले.

म्हणून माझा क्रम उलटा. फोन घ्या, बिल घ्या, घरी या. खातं घरी बसून उघडा, ज्याचा फोन त्याच्या नावावर. रिकव्हरीसाठी दुसरा नंबर घरच्या माणसाचा द्या. ईमेल आणि पासवर्ड कागदावर लिहून देव्हाऱ्याच्या खणात ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये म्हणणारे शहाणे भेटतील. सत्तरीच्या माणसाला चोरापेक्षा विसरण्याचा धोका जास्त, असं माझं मत आहे. बँकेचा पिन मात्र त्या कागदावर नको.

मुलाचं किंवा सुनेचं खातं आईच्या फोनमध्ये घालणं हाही एक घोळच. मग सुनेचे सगळे कॉन्टॅक्ट्स सासूच्या फोनमध्ये, आणि सासूने एखादा नंबर पुसला की सुनेच्याही फोनमधून गायब. यावरून झालेली भांडणं मी सोडवलेली आहेत.

जाता जाता: *#०६# दाबलं की फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, दिसतो. तो त्याच कागदावर लिहा. फोन हरवला तर पोलीस तक्रारीची प्रत घेऊन संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर फोन बंद करता येतो. २०२३पासून ही सोय देशभर आहे.

म्हापसा

फोंड्याच्या काकांना अनुमोदन.

माझी सासू वर्षानुवर्षं काजूच्या बिया फोडायचं काम करतेय. त्या टरफलाचं तेल कातडी जाळतं, बोटांवरच्या रेषा पार पुसट झाल्यात. आधार केंद्रावर जो त्रास तोच फोनवर, बोटाचा ठसा लागतच नाही. फोन जुळवून देणारा भाचा म्हणाला, सेन्सर खराब आहे. खराब काही नव्हतं. आम्ही डाव्या हाताची करंगळी नोंदवली, कारण बिया धरताना तिला तेल कमी लागतं. तेच बोट दोनदा नोंदवलं, एकदा सरळ, एकदा जरा तिरकं. आता दहापैकी आठ वेळा उघडतो. नाही उघडला तर पिन आहेच, आणि पिन लक्षात ठेवावाच लागतो, कारण फोन बंद करून चालू केला की ठसा चालत नाही, तो पिनच मागतो.

डिचोली (धागाकर्ती)

करंगळीची युक्ती भारी! आई नारळ सोलते, तिची बोटंही तशीच. टिपून ठेवलं.

वास्को

आमचे हे जहाजावर. एकदा गेले की सात-आठ महिने बंदरं आणि पाणी. त्यामुळे माझ्या फोनवर दोन गोष्टी आधी झाल्या. पहिल्या पडद्यावर दोन घड्याळं, एक इथलं, एक त्यांच्या बंदराचं. क्लॉक अ‍ॅपमध्ये शहर जोडता येतं. नाहीतर पहाटे तीनला व्हिडिओ कॉल ठरलेलाच.

दुसरी गोष्ट जहाजावाल्यांच्या बायकांनी नीट वाचा. बँकेला जोडलेला नंबर त्यांचा, आणि ते सिम घरी कपाटात पडून. ९० दिवस वापर नसेल आणि शिल्लकही नसेल, तर नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. ओटीपी मग त्याच्याकडे. मी ते सिम माझ्या नव्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घातलं, मधून मधून त्यावरून आईला फोन लावते. सेटिंग्जमध्ये सिमना नावं देता येतात, ‘मी’ आणि ‘हे’ अशी दिलीत. यूपीआय लावताना बँकेशी जोडलेल्या नंबरावरूनच एक एसएमएस जावा लागतो, तिथे चुकीचं सिम निवडलं की पुढे सरकत नाही. नावं दिल्यामुळे गोंधळ होत नाही.

पेडणे

निवृत्त शिक्षक. मराठी टायपिंगची कटकट कोणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडा, आणि बोलून लिहिण्याची भाषाही वेगळी तपासा. ती हिंदी राहिली तर माझ्या मराठीचं जे काही होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मराठी निवडल्यावर ‘ळ’ही नीट उमटतो.

माझा खरा उपयोग नाटकाचा. आमच्या देवळात उत्सवाला दरवर्षी मराठी नाटक असतं, तालमी रात्री उशिरापर्यंत. जुनी हस्तलिखित संहिता जीर्ण झाली होती. फोनच्या कॅमेऱ्याने पानं स्कॅन करून एक फाइल केली, गटावर टाकली, प्रत्येकाच्या खिशात संहिता. पडदा आपोआप आडवा-उभा होणं मात्र बंद करून ठेवा, झोपून पाठांतर करणाऱ्यांसाठी सांगतो. आणि प्रयोगाच्या रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’. ऐन मृत्युशय्येच्या प्रवेशात रिंगटोन वाजलेली मी पाहिली आहे, कोणाची ते सांगत नाही.

सांखळी

आमच्या आजोबांच्या फोनमधून अचानक सायरनसारखा आवाज आणि उलटी मोजणी. सगळं घर धावलं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण पटापट पाच वेळा दाबलं की आणीबाणीचा कॉल, ११२ला, जातो. आजोबा पडदा उजळावा म्हणून बटण दाबत सुटले होते. वेळेत रद्द केलं. सोय बंद करायचा विचार होता, पण आजोबा दुपारी एकटे असतात. मग ती ठेवली आणि पडदा उजळायला दोनदा टिचकी मारायचं चालू केलं, बटणाकडे हात जायला नको. सोबत लॉक असतानाही दिसेल असा रक्तगट आणि माझा नंबर भरून ठेवला.

काणकोण

डोंगराआड घर, रेंज अंगणातल्या फणसाखाली. घरात फायबरचं इंटरनेट आहे. सिमच्या सेटिंग्जमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केलं, आता साधा कॉल स्वयंपाकघरातही लागतो. कंपनी आणि फोन दोघांनी ही सोय दिलेली हवी, घेण्याआधी विचारा. एप्रिल-मेमध्ये गडगडायला लागलं की चार्जर भिंतीतून काढा, इतकंच.

डिचोली (धागाकर्ती)

सगळ्यांना देव बरें करूं. एक शेवटचा प्रश्न. आई शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात भाजी विकायला बसते. गिऱ्हाईक आता ‘क्यूआर आहे का’ विचारतं. तिच्या फोनवर यूपीआय लावू की नको?

म्हापसा

लाव. पण पहिल्याच दिवशी एक गोष्ट तिच्याकडून पाठ करून घे: पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी म्हणालं ‘पैसे पाठवतोय, तुमचा पिन टाका’, तर फोन सरळ पदराखाली. खात्यात मोजकेच पैसे ठेव, मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात. काही गडबड झालीच तर १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, ताबडतोब फोन, हा नंबर तिच्या कॉन्टॅक्ट्समध्ये ‘फसवणूक’ म्हणून घालून दे. आणि अक्षरं मोठी करताना बेतानं कर. सासूच्या फोनवर आम्ही इतकी मोठी केली की बँकेच्या अ‍ॅपमधलं ‘पुढे’ बटण पडद्याबाहेरच गेलं. एक पायरी कमी केली की दिसतं.