'पातळी स्थिर राहिली' : द्राक्षगर्भ आणि वारेच्या कर्करोगाचे शब्द

अनुवादिका
द्राक्षगर्भानंतर (वारेची द्राक्षांच्या घोसासारखी विकृत वाढ झालेल्या गरोदरपणानंतर) होऊ शकणाऱ्या कर्करोगावरचं रुग्णांसाठीचं पत्रक मराठीत करते आहे. पिशवी साफ केल्यावर दर आठवड्याला रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे वारेच्या पेशींतून येणारं संप्रेरक, मोजतात. आकडा उतरत जाऊन नॉर्मलला यायला हवा. पहिल्या, ७व्या, १४व्या आणि २१व्या दिवसाचे चारही आकडे १० टक्क्यांच्या आतच वरखाली होत राहिले, तर वारेच्या पेशी मागे राहून वाढताहेत असं धरून केमोचा विचार होतो. इंग्रजीत याला 'प्लॅटो' म्हणतात. मी 'पातळी स्थिर राहिली' लिहिलं आणि तपासणाऱ्यांनी ते बरोबर ठरवलं. मला मात्र खटकतंय. 'प्रकृती स्थिर' ही आपल्याकडे दिलाशाची बातमी. वाचणारी बाई पुढची तपासणी टाळेल. काय लिहू?

टाकबोरू
'उतार थांबला'. ताप उतरायचा थांबला की घरचे लगेच सावध होतात, तसंच इथे व्हायला हवं. पुढे चारही तारखा छापा. एकाच आकड्यावरून कुणी काही ठरवू नये.

केशर
'पठारावस्था' हा तयार शब्द आहे. शिक्षणशास्त्रात 'अध्ययनातील पठारावस्था' केव्हाच रुळली आहे. परिभाषा एकच असावी, दर पत्रकाला नवी नको.

टाकबोरू
ती डी.एड.च्या वहीत रुळली. दवाखान्यातून बाहेर पडताना हातात कागद घेतलेल्या बाईला पठार म्हटलं की सपाट जमीन दिसते, धोका नाही दिसत.

औषधी
माझा आक्षेप 'द्राक्षगर्भ'वरच आहे. सोनोग्राफी आता इतक्या लवकर होते की द्राक्षांचे घोस बऱ्याचदा दिसतच नाहीत. शिवाय याचे दोन प्रकार, पूर्ण आणि अर्धवट. पूर्ण प्रकारात गर्भ नसतोच. गुणसूत्रं बहुतेकदा ४६, पण सगळी वडिलांकडची. अर्धवट प्रकारात ६९, आणि तिथे गर्भाचे अंश सापडू शकतात. दोन्हींना एकच शब्द वापरला की पुढची जोखीमही एकच वाटते. प्रत्यक्षात पूर्ण प्रकारात १०० पैकी साधारण १५ ते २० जणींना पुढे केमो लागते, अर्धवट प्रकारात ५ पेक्षा कमी जणींना.

मायबोल
तरी 'मोलर प्रेग्नन्सी' या इंग्रजी नावापेक्षा द्राक्षं परवडली. मूळ लॅटिन 'मोला' म्हणजे जात्याचा दगड, दाढेला 'मोलर' म्हणतात तेही त्यावरूनच. यंत्राने केलेल्या अनुवादात 'इन्व्हेजिव्ह मोल'चा, म्हणजे आत घुसणाऱ्या द्राक्षगर्भाचा, 'आक्रमक तीळ' झालेला पाहिला आहे, कारण इंग्रजीत अंगावरचा तीळही 'मोल'. तो शब्द वेगळ्या कुळातला, नुसता उच्चार सारखा.

केशर
मग कोरिओकार्सिनोमाला, म्हणजे वारेच्या कर्करोगाला तरी 'जरायुकर्क' म्हणा. जरायू म्हणजे गर्भावरचं वेष्टन, आणि 'जरायुज' आपण शाळेतच शिकतो.

औषधी
बंगालीत जरायू म्हणजे गर्भाशय, त्यामुळे बहुभाषिक पत्रकात घोटाळा होईल. 'वारेच्या पेशींचा कर्करोग' लिहा. त्याने एक महत्त्वाची गोष्टही पोचते: वार प्रत्येक गरोदरपणात असते, म्हणून हा आजार गर्भपातानंतर किंवा सुखरूप बाळंतपणानंतरही होतो. काही महिन्यांनी अंगावरून जाणं थांबत नाही, कधी खोकल्यातून रक्त पडतं, कारण तो सर्वांत आधी बहुधा फुप्फुसात पसरतो. अशा वेळी एचसीजी करायचं कुणाला सुचलं नाही तर निदान लांबतं. नुसतं 'द्राक्षगर्भानंतरचा' म्हटलं की या बायका वगळल्याच जातात. जोखमीच्या गुणांकनात आधीच्या द्राक्षगर्भाला ०, गर्भपाताला १ आणि पूर्ण दिवसांच्या बाळंतपणाला २ गुण असतात. वय, मधला काळ, एचसीजी, गाठींचा आकार, जागा, संख्या आणि आधीची केमो मिळून बेरीज ६ पर्यंत आली तर एक औषध, ७ किंवा जास्त आली तर अनेक औषधं एकत्र. आणि 'गाठीचा तुकडा काढून तपासणे' हे वाक्य पत्रकात असेल तर तिथे थांबा. या गाठी रक्ताने भरलेल्या असतात, तुकडा काढताना जोरात रक्तस्राव होऊ शकतो. इथे निदान बहुधा एचसीजीवरच होतं.

अनुवादिका
ते वाक्य काढते. केमोच्या औषधाचा त्रास आवरायला नंतर गोळी देतात, त्या 'फोलिनिक ॲसिड रेस्क्यू'साठी 'उतारा' चालेल?

टाकबोरू
चालेल, विषावर उतारा असतोच. पण 'उतार' आणि 'उतारा' एकाच पानावर नकोत.

औषधी
अर्थाने चोख आहे, पण वेळ लिहाच. नेहमीच्या पद्धतीत मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध ५० मिलिग्रॅम १, ३, ५, ७ या दिवशी स्नायूत देतात आणि प्रत्येक इंजेक्शननंतर ३० तासांनी फोलिनिक ॲसिडची १५ मिलिग्रॅमची गोळी. १४ दिवसांनी पुन्हा तेच. गोळी फार लवकर घेतली तर औषधाचाच जोर मोडतो. विसरली तर तोंड येतं. शिवाय फोलिक आणि फोलिनिक या दोन गोळ्या वेगळ्या आहेत. फोलिक वापरात यायला जे एन्झाइम लागतं, तेच मेथोट्रेक्सेट अडवतं. गरोदरपणातली उरलेली फोलिकची गोळी चालू ठेवायची नाही, हे ठळक छापा. आकडा नॉर्मल आल्यावरही आणखी ३ फेऱ्या देतात. 'बरी झाली' हा शब्द तिथपर्यंत राखून ठेवा. कमी जोखमीच्या जवळजवळ सगळ्याजणी बऱ्या होतात, म्हणून तो लिहायला मुळीच कचरू नका.

मायबोल
जरायूवरून आठवलं, गाईम्हशींची 'जार' त्यातूनच आली असावी. मग 'वार' कुठून आली?

केशर
वेष्टणे, आवरणे या अर्थाच्या 'वृ' धातूपासून.

टाकबोरू
पुरावा? माझ्या मते दोन्ही एकच, नुसता ज चा व झाला.

केशर
मराठीत ज चा व झाल्याचं आणखी एक उदाहरण द्या, मग मानतो.