सीजे-३बी मध्ये डीआय बसवणं ‘दोन दिवसांचं काम’ नाही

अचलपूरकर
‘जुन्या पेट्रोल सीजे-३बी जीपमध्ये डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन टाका, माउंट (इंजिनाचे आधार) वेल्ड करा, दोन दिवसांत गाडी शेतात,’ असं काल इथं कोणी लिहिलं. वाचून डोकं फिरलं. माउंट हे सगळ्यात सोपं काम. जुना गिअरबॉक्स ठेवायचा तर इंजिन अन् गिअरबॉक्स जोडणारी अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते, अन् ती क्रँकच्या सेंटरला आहे का हे डायल गेजनंच कळतं. ०.१ मिमीच्या वर फरक राहिला की आधी क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग ओरडतं, मग इनपुट शाफ्टचं बेअरिंग जातं. लोक मात्र गिअरबॉक्सला शिव्या घालतात.
शिवाय एक्सल ५.३८ गिअर रेशोचे. ६.००-१६ टायरवर, टॉपमध्ये, ३००० आरपीएमला गाडी ताशी ७५ किमीच्या आसपासच. त्यावर डीआय रेटायचं?

वणीवाला
भाऊ, एवढं भेव काऊन दाखवता? शेतात ७५ नं कोण पळवते? काळ्या मातीत लो रेंजमध्ये डीआय जसं ओढते तसं पेट्रोल ओढतच नाही. फक्त थर्मोस्टॅट काढून फेका. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ वर जाते, थो अडकला की हेड गॅसकेट गेलंच समजा.

दर्यापूर_डिझेल
थर्मोस्टॅट काढायचा सल्ला देणं आता बंद करा! प्रत्येक गॅरेजात हेच. ज्या इंजिनात थर्मोस्टॅटच बायपास (रेडिएटर टाळून पाणी इंजिनात परत नेणारी वाट) बंद करतो, तिथं तो काढला की बायपास कायम उघडा. बरंच गरम पाणी रेडिएटरकडं न जाता परत इंजिनात फिरतं. म्हणजे उन्हाळ्यात उलट जास्त तापतं, आणि हिवाळ्यात थंड इंजिन धूर ओकतं, लायनर झिजवतं.
शंका असेल तर गंजात (पातेल्यात) पाणी तापवा, थर्मोस्टॅट तारेनं लटकवा, बुडाला टेकू देऊ नका. ८२ अंशांचा असेल तर ८२ ला झडप हलायला लागते, ९५ पर्यंत पूर्ण उघडते. नाही उघडली तर नवा घ्या.
आमच्या खारपाणपट्ट्यात (जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात) तर बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओततात. दोन हंगामांत नळ्यांत पांढरा थर, मग दोष इंजिनाला. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी, दुसरं काही नाही.

वणीवाला
बोअरच्या पाण्याचं मान्य. पण पेट्रोलचा जुना रेडिएटर ठेवून नुसत्या थर्मोस्टॅटनं भागत नाही. तीन रांगांचा कोर पाह्यजे, अन् पंख्याला श्राउड (भोवतालचं हवा वळवणारं कडं). श्राउड नसला तं पंखा तीच गरम हवा घुमवते.

अचलपूरकर
श्राउडचं बरोबर आहे, तेवढं मान्य करतो. पण रेडिएटरवरच थांबू नका. डिझेलला उरलेलं इंधन टाकीपर्यंत परत नेणारी रिटर्न लाइन लागते. इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे (स्प्रिंग) दबतात. एक पान वाढवा. चारही ड्रम ब्रेक बिनबूस्टरचे. बूस्टर लावला तर त्याला व्हॅक्यूम लागतो, म्हणून व्हॅक्यूम पंपवाला अल्टरनेटर हवा.

गोंडपिंपरी
एवढी चर्चा झाली, आरसीचं कोणीच बोललं नाही. आरसीवर पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठरवलं. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला इंजिन नंबर पाहतात. विमाही अडकतो.

वणीवाला
गाडी बांधावरच राहते, पण मुद्दा खोटा नाही. रस्त्यावर काढायची असंन तं गाडीचं मूळ पेट्रोल हरिकेन इंजिनच बोअर करून (सिलिंडर घासून नवं) घ्या, थेच सोयीचं.