लातूर: होस्टेलचा डिझेल बॉयलर काढायचाय. हीट पंप घ्यावा का सोलर?

औसारोडची_ताई
नमस्कार मंडळी. लातूरला ट्यूशन एरियाजवळ माझं मुलींचं होस्टेल आहे. तीन मजले, ६० मुली, बहुतेक ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेवाल्या. पहिली बॅच साडेसहाची, म्हणजे पावणेपाच ते सहा या वेळात साऱ्याजणींना गरम पाणी पाहिजे. एकीची बादली कोमट निघाली तर आठ वाजायच्या आत तिच्या आईचा फोन येतोच.

जिन्याखाली डिझेलचा बॉयलर आहे. आमच्या ह्यांनी एका बंद पडलेल्या लॉजमधून आणलेला. गच्चीवर १५०० लिटरची टाकी, तिथून खाली पाइप. थंडीत रोज ७ लिटर डिझेल जायलंय, आणि डिझेल नव्वदीच्या पुढं. पहिल्या मजल्यावर धुराचा वास येतो तो वेगळाच. बर्नरचा मिस्त्री सोलापूरहून बोलवावा लागतो, आणि आला की “नोझल गेलं” एवढंच म्हणतो.

सोलर बसवावं तर दक्षिणेला पाच मजली बिल्डिंग उभी राहिली. थंडीत निम्म्या गच्चीवर सावली, आणि उरलेल्या उन्हात मुलींचे कपडे. एक डीलर हीट पंपासाठी मागं लागलाय, २० किलोवॅटचा घ्या म्हणतो. गिझरच्या तिसरा हिस्सा वीज लागेल म्हणे. एक युनिट घेऊन तीन युनिटांची गरमी कुठून येईल? मला तर काही पटेना. त्यात आमचं पाणी! मांजरा धरणाचं नळाला आलं तर आलं, नाही तर बोअर, नाही तर टँकर. बोअरच्या पाण्यानं गिझरची कॉइल वर्षात पांढरीफटक होते. परवडेल का आणि टिकेल का, खरं सांगा.

नांदेडचा_एसीवाला
ताई, विजेचं डीलर खरं सांगायलाय. हीट पंप विजेची उष्णता करत नाही, बाहेरच्या हवेत असलेली उचलून पाण्यात सोडतो. फ्रिजची मागची जाळी गरम लागते ना, तेच काम. फक्त इथं आपल्याला मागची बाजू कामाची. उचलायला जी वीज लागते तिच्या तिप्पट उष्णता पाण्यात जाते, त्यालाच सीओपी ३ म्हणतात.

आता तुमचा हिशोब. १५०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ ला न्यायला ३७,५०० किलोकॅलरी लागतात, विजेच्या भाषेत ४४ युनिट. लिटरभर डिझेलात साधारण ८,६०० किलोकॅलरी. म्हणजे साडेचार लिटरच्या आत भागायला पाहिजे, तुम्ही ७ जाळताय. बाकीचं चिमणीतून आणि उघड्या पाइपातून चाललंय. पाइपाला आजच इन्सुलेशन करा, मशीन कोणतंही घ्या. हीट पंपाला याच कामाला १५ युनिट लागतील. १२ रुपयांनी धरले तरी १८० रुपये. डिझेलचे सहाशेच्या वर होतात.

२० किलोवॅट मात्र घेऊ नका. ते पहाटे दोन तासांत पाणी तापवायच्या हिशोबानं काढलेलं दिसतंय. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे १०-१२ अंश आणि दुपारी २८-३०. हवा गरम तेवढा पंपाला जोर कमी लागतो, मग गारठ्यात कशाला पळवायचा? दुपारी १२ ते ५ चालवा. पाच तासांत ४४ युनिट म्हणजे ९ किलोवॅटचं मशीन पुरतं, वीज खाईल ३ किलोवॅट. टाकी जाड पफची (उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमच्या थराची) घ्या, पहाटेपर्यंत तीन-चार अंशांच्या वर उतरणार नाही. रात्री लाइट गेली तरी पाणी गरमच. टीओडी मीटर (वेळेप्रमाणं वेगळा दर लावणारा) असेल तर दुपारचा दरही कमी लागतो.

उदगिरी_बाणा
आमच्या टायमाला होस्टेलात गार पाण्यानंच आंघोळ होती. तरीबी डॉक्टर झालेच की लोक.

औसारोडची_ताई
दादा, सकाळी फोन उचलायला तुम्हीच या मग.

बीडचं_मंगलकार्यालय
एवढ्या मशिनी कशाला? आमच्याकडं मोठा बंब आहे, पांढऱ्या कोळशावर चालतो. सोयाबीनचं भुसकट, पऱ्हाटी, तुराटी दाबून केलेल्या कांड्या. डिझेलच्या मानानं लई स्वस्त, आणि माल आपल्याच भागातला.

औसारोडची_ताई
भाऊ, लग्नात आचाऱ्याची माणसं रात्रभर जागी असतात. इथं पहाटे साडेतीनला बंब कोण पेटवणार? वॉचमन काका पंचाहत्तरीचे. राख टाकायचीही पंचाईत, आणि धूर तर मला घालवायचाच आहे.

तुळजापूर_लॉज
आमच्याकडं सोलर आहे, काचेच्या नळ्यांचं. ऊन असलं की खर्च शून्य, तक्रार नाही. पण नवरात्रात आभाळ आलं आणि सगळ्या खोल्या भरल्या की टाकीतला हीटर लावावा लागतो. तो सरळ गिझरच, एकाला एक युनिट. ताईंनी सावलीत सोलर बसवूच नये. नळ्यांत क्षार बसतो, पण तांब्याच्या बारीक पाइपाच्या पॅनेलइतक्या लवकर त्या चोंदत नाहीत. हीट पंपाचं काय होतं या पाण्यात, हे मलाही कळू द्या. सोलरच्या जोडीला घ्यायचा विचार आहे.

नांदेडचा_एसीवाला
खरी मेख तिथंच आहे. पंप हवेनं बिघडत नाही, पाण्यानं बिघडतो. बोअरचं पाणी थेट प्लेटच्या एक्सचेंजरमधून (पंपाची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागातून) फिरवलं की फटी भरतात, मग प्रेशर वाढून मशीन ट्रिप होतं आणि शिव्या कंपनीला. दोन गोष्टी करा. एक, पंप आणि टाकीतली कॉइल यांच्यात मऊ पाण्याचा बंद फेरा ठेवा. तेच पाणी फिरत राहतं, बोअरचं पाणी टाकीत कॉइलच्या बाहेरून तापतं. सीओपी थोडा घटतो, घटू द्या. दुसरं, तापमान ५०-५२ च्या वर नेऊ नका. ६० च्या वर नेलं की क्षार भराभर धरतो, आणि मुली तरी कुठं ६० च्या पाण्यानं आंघोळ करतात. टाकीला हात जाईल एवढं झाकण मागून घ्या, वर्षातून एकदा कॉइल साफ करता येते.

सॉफ्टनर (पाणी मऊ करायचं यंत्र) सगळ्या पाण्याला लावू नका. मिठाचं पाणी फिरवून धुताना बरंच पाणी गटारात जातं. टँकर घेणाऱ्याला ते जिवावर येतं.

औसारोडची_ताई
हे मनाला पटलं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते या गावानं पाहिलंय, गटारात पाणी सोडायला हात धजत नाही. डीलरला ९ किलोवॅट आणि बंद फेऱ्याचं लिहून द्यायला सांगते. बॉयलर पहिली थंडी जाईपर्यंत जागेवर ठेवीन म्हणते, पाइप न काढता.

एक विचारू का? हा पंप गार हवा सोडतो म्हणे. मेसचं स्वयंपाकघर खालीच आहे, एप्रिल-मेमध्ये पोळ्यावाल्या मावश्या भाजून निघतात. ती हवा तिकडं वळवता येईल?

नांदेडचा_एसीवाला
येईल. डक्टला झडप बसवा, थंडीत बाहेर सोडा. पण मशीन स्वयंपाकघरात ठेवू नका, फोडणीचं तेल कॉइलवर बसून फिन (कॉइलच्या पातळ पत्र्या) बुजतात. बाहेरच्या भिंतीला सावलीत ठेवा, आणि खाली पाणी गळतं त्याला बारीक पाइप काढा. उन्हाळ्यात पाणी मुळातच कोमट असतं, त्यामुळं पंप लवकर थांबेल. पोळ्यांची वेळ सांगा, टायमर त्यावर लावू.

औसारोडची_ताई
सकाळी नऊ ते अकरा.